अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजला अर्ज करताना काय काय हाताशी हवं

लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच, पण अनेक विषय शिकवणारं छोटं कॉलेज. त्यांची नावं नंतर. आधी आईबाबांना घेऊन बस आणि वर्षाला घरातून खरोखर किती पैसे निघतील, तो आकडा कागदावर लिही. विल्यम्स, स्वार्थमोर यांसारख्या कॉलेजांत फी, राहणं, जेवण धरून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. ॲमहर्स्ट आणि बोडन इथे आर्थिक मदत मागितली म्हणून परदेशी मुलांचा अर्ज मागे पडत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र पडू शकतो. तरीही गरज असेल तर पहिल्याच अर्जात माग. ‘आधी ॲडमिशन होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजं पुढच्या वर्षीही मदत देत नाहीत. मदतीसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा तपशील देणारा ऑनलाइन फॉर्म, भरायला सांगतात. त्याच्या तयारीला बाबांचा फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, शेती असेल तर उत्पन्नाचा दाखला जमवून ठेव. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतरही लागेल.

मग गुणपत्रिका. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, सलग चार वर्षं. आपली नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे दोन ऑफिसांचे उंबरे झिजवणं आलं. दहावीची गुणपत्रिका प्रत्येक घरात लॅमिनेट करून ठेवलेली असते, नववीची कुणाकडेच नसते. मी शाळेत गेले तेव्हा क्लार्ककाकांनी फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. माझ्या विज्ञानाच्या गुणांवर शाईचा डाग होता. ते ५८ की ६८, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी बेरजेवरून उलटं मोजलं, तर ६८ निघाले. हे काम जूनमध्येच उरक, दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं.

नावाचा घोळही तेव्हाच मिटव. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर भलतंच काही. परीक्षा, अर्ज, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं घाल.

सर्वांत जास्त वेळ शिफारसपत्रांना लागतो. साधारण दोन विषयशिक्षकांची पत्रं हवीत आणि एक समुपदेशकाचं. ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक कुठून आणणार? ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करू शकतात. आमचे सर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण अशी पत्रं वाचणाऱ्याला ओळखू येतात, शिवाय तो खोटेपणाच आहे. त्याऐवजी मी एका पानावर सरांना आठवण करून दिली: कोणतं प्रॅक्टिकल फसलं, वर्गात मी कोणत्या प्रश्नावर अडून बसले होते. एकच अर्ज भरून तो अनेक कॉलेजांना पाठवायची वेबसाइट म्हणजे कॉमन ॲप. तिची लिंक शिक्षकांच्या ईमेलवर जाते. ती स्पॅममध्ये पडते. त्यांच्या शेजारी बसून उघडून दे, लाजू नकोस.

कॉमन ॲप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुलं होतं. निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. सुविचाराने सुरुवात करून सुविचाराने शेवट करायची शाळेतली सवय मोडायला मला चार खर्डे लागले. उपक्रमांच्या दहा जागा असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. दुकानात बसणं, आजीचं पथ्यपाणी सांभाळणं हेही तिथे लिहिता येतं. पदकांचीच वाट बघू नकोस. सॅट ही गणित आणि इंग्रजीची प्रवेशपरीक्षा काही ठिकाणी ऐच्छिक, काही ठिकाणी सक्तीची, ते प्रत्येक कॉलेजचं तपास. इंग्रजी येतं हे दाखवायला टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी एक परीक्षा.

अर्ली डिसिजन म्हणजे आधीच करायचा, बांधून घेणारा अर्ज. त्याची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. तो एकाच कॉलेजला करता येतो आणि निवड झाली तर जावं लागतं. मदत पुरेशी नसेल तरच सुटका. बाकीचे अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. त्याच सुमारास बारावीची प्रिलिम असते. अभ्यास सोडू नकोस, अंतिम गुणपत्रिका त्यांनाही पाठवायची असते.

निवड झाली की कॉलेजकडून आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र येतं. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची सेविस फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि मुंबईकरांना बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत. माझी तीन मिनिटांत आटोपली. नववीची ती गुणपत्रिका फाइलमध्ये सर्वांत वर होती. कुणी मागितली नाही.