मृगाआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या: कोळसा आणि राखेच्या शेजारच्या रानांसाठी

सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. खाणी चंद्रपूर, वणी, नागपूरकडे. पण तो कोळसा जळतो आपल्याकडेही. फताटेवाडीचा औष्णिक प्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे आणि देशी कोळशात राख साधारण ३० ते ४५ टक्के निघते. ही राख वीटभट्ट्यांना, सिमेंटला, रस्त्याच्या भरावाला जाते. कुठेही ओढ्याकाठी उघडा ढीग पडला की पहिल्या मोठ्या पावसात तो खालच्या रानात उतरतो.

मोबाईलवर एक सल्ला फिरतो: कोळशाचं पाणी आम्लधर्मी असतं, विहिरीत चुना टाका. मेघालयासारख्या ठिकाणी हे खरं आहे. तिथल्या कोळशात गंधक जास्त, त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. विदर्भातल्या कोळशात गंधक कमी. तिथे मुख्य त्रास गाळाचा, जडपणाचा आणि सल्फेटचा. आपली काळी जमीन तर आधीच चुनखडीची, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास किंवा वर. इथे चुना टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आपण बघायचे ते राखेतून पाण्यात उतरणारे क्षार आणि बोरॉन.

नमुना मे अखेरीस, पाणी तळाला असताना घ्या. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. बाटली प्लास्टिकचीच हवी. काचेतून बोरॉन पाण्यात उतरू शकतो. नेहमीच्या तपासणीत बोरॉन बहुधा नसतो, तो वेगळा मागून घ्या. आणि एकट्या आपल्या विहिरीवर थांबू नका. ढिगाच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचाही नमुना द्या. उसाच्या पट्ट्यात पाणी तसंही खारट झालेलं असतं. दोन्ही विहिरी सारख्याच खाऱ्या निघाल्या तर दोष राखेचा नाही, हे मान्य करावं लागेल.

अहवालात विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ३ च्या वर गेली तर ते पाणी बागेला नको. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन पाणी मुरत नाही. त्यावर उपाय जिप्समचा, पण त्याची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा. बोरॉनला द्राक्ष फार नाजूक: लिटरला ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅमपुढे पानांच्या कडा करपू लागतात. ज्वारी याच्या कितीतरी पट सोसते. म्हणून तसं पाणी एका विहिरीत निघालं तर ते ज्वारीच्या रानाला वळवा, द्राक्षाला दुसरं ठेवा. पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी असते, हा अहवाल त्यासाठी चालत नाही.

पावसाआधी विहिरीचा काठ उंच करा आणि वरच्या अंगाला चर काढून ओढ्याचं पाणी बाजूला काढा. शेततळ्यात पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी घेऊ नका, धुऊन आलेली राख त्यातच असते. तोंडाशी गाळ बसायला खड्डा ठेवा, नाहीतर ठिबकचे ड्रिपर बुजतील. वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवा. राख फुकट मिळते म्हणून भारी जमिनीत पसरू नका. माती तपासून, तज्ज्ञांना विचारून मगच.

ओढ्यात राख दिसली तर फोटो काढा, बाटलीत नमुना भरा, तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाला मे महिन्याचा अहवाल जोडलात तर त्याला वजन येतं. दुसरा नमुना ऑक्टोबर छाटणीच्या आधी, त्याच विहिरींचा.