जुना सुपरहिरो नवा करताय? या चुका टाळा, आणि आधी त्याच्या अंगावरचे पट्टे काढून टाका

दरवर्षी ॲनिमेशन शिकणारी पोरं पिच, म्हणजे सिरीजचा प्रस्ताव, घेऊन येतात आणि पहिल्या पानावर तोच गडी उभा असतो. काळं चिलखत, छातीवर निळा लाइट, मागे पाऊस आणि खाली 'डार्क रीबूट', म्हणजे जुना हिरो गंभीर, काळोखा करून नव्याने. हा कोण, असं विचारावं लागतं. बघून ओळखू येत नसेल तर तो जुना हिरो घेतलाच कशाला, स्वतःचा नवा काढायचा ना. तर एकदाच सगळं लिहून टाकतो, दरवेळी तोंड दुखवायला नको.

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे पोस्टरसाठी डिझाइन करणं. सिरीज पोस्टरवर चालत नाही बाबांनो, ती हलते. साधा हिशेब करा, २४ फ्रेमच्या सेकंदाला एक ड्रॉइंग दोन-दोन फ्रेम धरून चाललात तरी सेकंदाला १२ ड्रॉइंग होतात, आणि २२ मिनिटांच्या भागात हिरो दहा मिनिटं जरी दिसला तरी ७,२०० वेळा तो काढायचाय. म्हणजे कमरेला हौसेने लावलेलं एक बक्कल ७,२०० वेळा. रिगवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सांधे असलेल्या बाहुलीवर करणार असाल तर काढायचं वाचेल, पण हलताना तुटायचं वाचत नाही.

एका स्टुडिओत बाहेरच्या सिरीजचं काम चालू होतं, नावं घेत नाही. जुना हिरो, मूळ ड्रेस म्हणजे अंगाला चिकटलेला एक रंग आणि केप, बास. डिझायनरने त्याला खांद्यावर प्लेट्स, पोटावर प्लेट्स, मांडीला पट्टे आणि पट्ट्यांना पाउच लावले, चित्र खरंच देखणं होतं, मीटिंगमध्ये सगळे वा वा करत होते. मग हिरोने पहिल्यांदा हात वर केला आणि खांद्याची प्लेट जबड्यात घुसली. खाली वाकला तर पोटाच्या प्लेट्स एकमेकींवर चढल्या. पाउच तर प्रत्येक ॲनिमेटर आपापल्या मनाने मोजायचा, एका शॉटला डाव्या मांडीवर चार तर पुढच्या शॉटला तीन, रीटेकचा ढीग लागला. यावर वरच्या लोकांनी उपाय काय काढला, तर हिरो शक्यतो छातीपासून वरच दाखवा. म्हणजे सुपरहिरोच्या सिरीजमध्ये सुपरहिरो बातम्या वाचल्यासारखा समोर बसून बोलतोय! शेवटी प्लेट्स आणि पट्टे काढलेच, पण तोवर बरेच भाग लेआउटमधून, म्हणजे शॉटच्या मांडणीतून, पुढे गेलेले, ते सगळे परत.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. डिझाइन अंगठ्याएवढं प्रिंट करतो आणि स्केचपेनने पूर्ण काळं करतो. तरी ओळखू आला तर पुढे बोलू. मग उकिडवा बसलेला, पडताना, हात वर केलेला, पळताना आणि पाठमोरा असा काढायला सांगतो, समोर बसून. हल्ली एआयवर पाच मिनिटांत काढून आणलेली चित्रं येतात, ती आणणाऱ्यांना 'मागून कसा दिसतो' एवढं विचारलं तरी शांतता पसरते.

बॅटमॅनच्या कार्टून सिरीजचा डिझायनर ब्रूस टिम, त्याची कामं बघा. १९९२च्या बॅटमॅन सिरीजमध्येच त्याने अंगावरच्या रेषा इतक्या कमी केल्या होत्या, तरी १९९७ला पुन्हा डिझाइन केलं तेव्हा अजून कमी केल्या, छातीवरचा पिवळा गोल पण काढला. १९९९च्या 'बॅटमॅन बियाँड'मध्ये तर केपच गायब, काळा सूट आणि लाल वटवाघूळ, संपलं. कुणी म्हणालं का हा बॅटमॅन वाटत नाही?

दुसरी मोठी चूक, मोबाइल दिला की हिरो मॉडर्न झाला असं समजणं. मोबाइल तीन वर्षांत जुना दिसतो, पोरांच्या तोंडी घातलेली ट्रेंडिंग भाषा त्याच्याही आधी. १९९२च्या त्या सिरीजमध्ये पोलिसांचे ब्लिम्प, म्हणजे आकाशात तरंगणारे मोठे फुगे आहेत, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहेत आणि शेजारी कॉम्प्युटरपण आहे, साल कोणतं ते कळतच नाही, म्हणून आजही बघवते. हिरोच्या मूळ गोष्टीत आज काय खटकतं, हे आधी शोधायचं असतं. गॅजेट मग ठरवा.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे आपला वेताळ. इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठी झालेली पिढी त्याला याच नावाने ओळखते, मूळ लिओन हॅरिसन ग्रॉस उर्फ ली फॉकने १९३६ला सुरू केलेला फँटम. आता प्रामाणिकपणे बघा, जंगलातल्या लोकांना धाकात ठेवणारा आणि त्यांचं रक्षणही करणारा गोरा मुखवटेवाला, हे आज जसंच्या तसं दाखवता येईल का? नाही येत. नुसता ड्रेस बदलून ही अडचण सुटतही नाही. १९९४च्या 'फँटम २०४०'वाल्यांनी ती टाळली नाही. गोष्ट भविष्यातल्या मेट्रोपिया शहरात नेली, पर्यावरणाची वाट लागलेली, सगळी सूत्रं एका बड्या कंपनीच्या हातात, आणि जंगल उरलंय ते शहराच्या पोटात लपलेलं. हिरो कॉलेजात शिकणारा पोरगा. पण बापाकडून मुलाकडे येणारी शपथ तशीच ठेवली, फॉकचा नेहमीचा वेताळ २१वा आणि हा २४वा. मुखवट्याखालचा माणूस बदलतो हे मूळ गोष्टीतच होतं, त्यांनी फक्त ते नीट वापरलं. आणि त्यातली पात्रं डिझाइन करणाऱ्या पीटर चुंगची ती लांब हातापायांची माणसं! ती सगळ्यांना आवडत नाहीत, मला आवडतात.

तर आधी एका वाक्यात लिहा, या हिरोतलं काय काढलं तर तो तो राहणार नाही. हे वाक्य होत नसेल तर फोटोशॉप उघडू नका. घाई असते सगळ्यांना, चित्र आधी आणि गोष्ट नंतर. मग नंतर राहूनच जाते.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

सुरुवातीचे तीन भाग हिरो कसा झाला यात घालवू नका. १९९२च्या बॅटमॅनचा सगळ्यात आधी बनवलेला भाग थेट वटवाघळासारख्या राक्षसाने उघडतो, मारल्या गेलेल्या आईवडिलांची आठवण पुढे हळूहळू येते.

डार्क म्हणजे ब्राइटनेस कमी करणं नाही. त्या सिरीजची बॅकग्राउंड काळ्या कागदावर रंगवलेली होती आणि तरी त्यात भरपूर विनोद आहे.

सगळ्यांना शाळकरी करू नका. 'बॅटमॅन बियाँड'च्या वेळी चॅनललाच शाळेतला बॅटमॅन हवा होता, तर सिरीजवाल्यांनी ब्रूस वेनला, म्हणजे मूळ बॅटमॅनला, लहान न करता म्हातारा केला आणि सूट टेरी नावाच्या पोराला दिला. मागणी पण पूर्ण झाली आणि हिरोची वाटपण नाही लागली.

व्हिलनला विसरू नका, हिरोपेक्षा त्याच्यावर जास्त काम लागतं. बॅटमॅनचा व्हिलन मिस्टर फ्रीझ हा १९५९पासूनचा बर्फाची बंदूक घेतलेला चिल्लर गडी होता, सिरीजचा लेखक पॉल डिनीने १९९२च्या एका भागात त्याला आजारी बायको दिली, नोरा, आणि त्या एका भागाच्या लिखाणाला डेटाइम एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं. पुढे कॉमिक्सनेही तीच गोष्ट उचलली.

आणि उलटी चूकपण असते, फॅन लोक चिडतील म्हणून कशालाच हात न लावणं. कॉमिक्समधला सुपरमॅन सुरुवातीला उडायचा नाही, लांब उड्या मारायचा. १९४१ला फ्लायशर स्टुडिओने कार्टून करायला घेतली तेव्हा त्या उड्या पडद्यावर हास्यास्पद दिसायला लागल्या, म्हणून त्याला सरळ उडवलं. आज उडत नसलेला सुपरमॅन कुणाला चालेल का सांगा.

आधीच फसला असाल, म्हणजे ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं जोडून केलेला कच्चा व्हिडिओ) तयार आहे आणि काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाहीये, तर आवाज बंद करून बघा. गोष्ट कळली नाही तर स्टोरीबोर्डात गडबड आहे. कळली, तर स्क्रिप्टमध्ये हिरोचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही हिरोचं टाका आणि वाचा. काहीच फरक पडत नसेल तर ती तुमच्या हिरोची गोष्टच नाही, डिझाइनला दोष देत बसू नका.

आणि हो, हक्क. हे शेवटी सांगतोय कारण सगळे शेवटीच विचारतात. वेताळ किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीचा आहे, पोर्टफोलिओत सरावासाठी खुशाल काढा, चॅनलला परस्पर पाठवू नका. 'सुपरमॅन आता फ्री होणार ना सर' असंही विचारतात, तर १९३८ची पहिली गोष्ट अमेरिकेत २०३४ला खुली होईल, तीही फक्त ती गोष्ट. त्यातला सुपरमॅन उड्याच मारतो.