आयआर रिसीव्हर जोडताना या चुका टाळा

रिमोटचं बटण दाबलं आणि आर्डुइनो बोर्डचा सीरियल मॉनिटर (बोर्डला काय कळलं ते संगणकावर दाखवणारी खिडकी) कोराच राहिला, की बहुतेक जण लगेच लायब्ररी (रिमोट वाचायचा तयार कोड) बदलायला घेतात. मग दुसरा कोड, मग तिसरा. रिमोटचे इन्फ्रारेड (आयआर) किरण टिपणारा तीन पायांचा तो काळा रिसीव्हर नीट जोडलाय का, हे मल्टिमीटरने बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवण्याच्या नादात अख्खा रविवार जातो, म्हणून इथे सुरुवात पायांपासून.

पायांचा क्रम गृहीत धरणं

सर्वांत जास्त रिसीव्हर याच चुकीने मरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ‘१७३८ द्या’ म्हटलं की पुष्कळदा १८३८ हातात पडतो. दोन्ही ३८ किलोहर्ट्झचे, त्यामुळे विकणाऱ्याच्या लेखी माल तोच. शिवाय मूळ टीएसओपी१७३८ चं उत्पादन कधीच थांबलंय, पण जुन्या प्रोजेक्टच्या सर्किटमध्ये तोच नंबर अजून छापलेला असतो. घोळ होतो तो पायांचा. घुमट आपल्याकडे करून डावीकडून मोजा: टीएसओपी१७३८ मध्ये ग्राउंड, व्हीसीसी (सप्लायचा पाय), आउटपुट. व्हीएस१८३८बी आणि टीएसओपी३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, व्हीसीसी.

आता १७३८ च्या सर्किटमध्ये १८३८ बसवला तर काय होतं ते बघा. मधल्या पायाला ५ व्होल्ट मिळतात, आणि तो असतो ग्राउंड. पहिला पाय ग्राउंडला जातो, आणि तो असतो आउटपुट. चिपच्या आतला डायोड सरळ दिशेने वाहू लागतो, करंट अडवायला वाटेत काहीच नसतं. बोट लावलं तर चटका बसतो, आर्डुइनो उनोचा ५०० मिलिअँपचा फ्यूज ट्रिप होतो आणि यूएसबी पोर्ट गायब होतो. प्रोजेक्ट करणारा मुलगा समजतो बोर्ड गेला. फ्यूज थंड झाला की बोर्ड परत येतो, म्हणून तो पुन्हा तसंच जोडून बघतो. सबमिशनच्या आदल्या रात्री तीन-तीन रिसीव्हर असे जाळलेले असतात, आणि दोष जातो ‘डुप्लिकेट मालाला’.

यावर सवय एकच लावून घ्या. नवा रिसीव्हर पहिल्यांदा कधीही थेट ५ व्होल्टवर टाकायचा नाही. पुरवठ्यात ४७० ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि रिसीव्हरच्या सप्लायच्या पायावर व्होल्टेज मोजायचं. जोडणी बरोबर असेल तर साडेचार व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसतं, कारण हा भाग जेमतेम एखादा मिलिअँप खातो. पाऊण व्होल्टच्या आसपास अडकलं तर पाय उलटे आहेत. घाबरू नका, त्या रेझिस्टरमुळे नऊ-दहा मिलिअँपच्या वर करंट जात नाही, रिसीव्हर सहसा वाचतो. तयार मॉड्यूल घेतलं असेल तरी छापलेल्या अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुठली पट्टी कुठल्या पायाला जाते ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासा.

आउटपुट उलटं असतं हे विसरणं

सिग्नल नसताना आउटपुट हाय असतं आणि रिमोट दाबल्यावर लो होतं. म्हणून आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये एलईडी लावून ‘पेटत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. एलईडीचा लांब पाय १ किलोओहममधून ५ व्होल्टला, आखूड पाय आउटपुटला. बटण दाबलं की तो फडफडतो. एवढं दिसलं की हार्डवेअर ठीक आहे, आता खुशाल कोड उघडा. चाचणी झाली की एलईडी काढून टाका, हे आउटपुट भार ओढण्यासाठी बनवलेलं नाही.

सतत किरण सोडून अलार्म बनवणं

ही चूक रिसीव्हर जाळत नाही, माणसाला जाळते. दारात एका बाजूला ५५५ टायमर चिपवर ३८ किलोहर्ट्झने लुकलुकणारा आयआर एलईडी, समोर रिसीव्हर, मधून कोणी गेलं की बझर. कागदावर छान दिसतं. चालू केल्यावर रिसीव्हरच्या आउटपुटवरचा चाचणीचा एलईडी क्षणभर पेटतो आणि विझतो. हात आडवा धरून काढला की पुन्हा क्षणभर पेटतो. वायर सैल आहे असं वाटून लोक ब्रेडबोर्ड दाबत बसतात. वायर ठीक असते. रिसीव्हरच्या आत ऑटोमॅटिक गेन कंट्रोल असतो. न थांबता येणारा ३८ किलोहर्ट्झ म्हणजे ट्यूबलाइटचा किंवा सीएफएलचा गोंगाट, असं समजून तो आपली संवेदनशीलता खाली आणतो. हात मध्ये आला की त्याला उसंत मिळते, म्हणून तो थोडा वेळ परत ऐकतो. भाग तंतोतंत काम करतोय, आपण त्याला चुकीचं काम दिलंय.

उपाय म्हणजे तुकड्यातुकड्यांनी सोडा. साधारण ६०० मायक्रोसेकंद चालू, मग काही मिलिसेकंद बंद. ५५५ ची ४ नंबरची पिन छोट्या मायक्रोकंट्रोलरने चालू-बंद करा. रिसीव्हरच्या बाजूला ठोके मोजा, आणि २०-३० मिलिसेकंद ठोका आला नाही तर किरण तुटला असं धरा. ५५५ साठी १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, १ किलोओहम आणि १५ किलोओहमचे रेझिस्टर आणि १५ च्या सोबत १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घ्या, फ्रीक्वेन्सी मल्टिमीटरवर बघून ३८ वर आणा. अंदाजाने ठेवलेला प्रीसेट अंतर खातो. सतत किरणच हवा असेल तर टीएसएसपी४०३८ सारखे लाइट बॅरिअरसाठी बनवलेले भाग मिळतात, ते मागवा. कपॅसिटर बदलून १७३८ ला वठणीवर आणायचे शॉर्टकट सांगणारे बरेच भेटतील, त्यात वेळ घालवू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात

ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा बोर्ड, त्याच्या ३.३ व्होल्टवर १७३८ चालवू नका, १७३८ ला किमान ४.५ लागतात. ५ व्होल्ट देऊन आउटपुट थेट ईएसपी३२ ला जोडणंही चूक. तिथे ३८२३८ घ्या, तो २.५ पासून चालतो.

मोटर किंवा रिले त्याच पुरवठ्यावर असेल तर भलतेसलते कोड येतात. १०० ओहमचा रेझिस्टर सप्लायच्या वाटेत आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सप्लाय-ग्राउंडमध्ये लावा, अगदी पायांना चिकटून. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर फारसा कामाचा नाही.

रिमोट जिवंत आहे का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघा. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा आयआर फिल्टर असतो.

एकच कोड येऊन सगळं शांत झालं, तर लूपमध्ये रिझ्यूम (पुढचा कोड घे असं सांगणारी ओळ) लिहायचं विसरलंय.

जुन्या प्रोग्राममध्ये बटणाचा कोड म्हणून लिहिलेला एफएफए२५डी नव्या लायब्ररीत बीए४५एफएफ०० दिसतो. रिमोट बदललेला नाही, बिट वाचायचा क्रम उलटला आहे. जुने आकडे नव्या लायब्ररीत चिकटवू नका, आपल्या रिमोटचं प्रत्येक बटण दाबून नव्याने लिहून घ्या.

रिमोटने लावलेला दिवा लागून लगेच विझत असेल तर रिपीट कोड बघा. एनईसी या रिमोटच्या कोड पाठवायच्या पद्धतीत बटण दाबून ठेवलं की दर १०८ मिलिसेकंदांनी रिपीट येतो. एकाच बटणाने चालू-बंद (टॉगल) करताना तो गाळा.

एसीच्या रिमोटने सुरुवात करू नका. तो प्रत्येक बटणाला तापमान, मोड, पंखा असं सगळंच एका लांबलचक कोडमध्ये पाठवतो, आणि लायब्ररीचा नेहमीचा बफर (कोड साठवायची जागा) त्याला पुरत नाही. टीव्हीचा रिमोट नीट वाचता आला की मग बफर वाढवून एसीकडे वळा.