वर्डमधली ग्रिड आणि न जुळणारे चौकोन: या चुका टाळा

गेल्या वर्षी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्वयंसेवकांचे बिल्ले करायचे काम आलं. प्रत्येक बिल्ला ९ बाय ५ सेंटिमीटर, ए-फोर कागदावर दोन उभ्या रांगांत दहा, असे बारा कागद. मी वर्डमध्ये ग्रिडच्या, म्हणजे पानावर दिसणाऱ्या आडव्या-उभ्या जाळीच्या, रेघा चालू केल्या आणि चौकोन ओढून ओढून रेघांना चिकटवले. पडद्यावर सगळं शिस्तीत दिसत होतं. पाच-पाच सेंटिमीटरवर कटर मारला, तर शेवटच्या ओळीतल्या बिल्ल्यांच्या तळाशी असलेलं शाळेचं नावच छाटलं गेलं. बाराही कागद रद्दीत.

चूक कटरची नव्हती. वर्डच्या ग्रिडचं मूळ अंतर ०.१३ इंच दिसतं, म्हणजे खरं तर इंचाचा आठवा भाग, ३.२ मिलिमीटरच्या आसपास. पाच सेंटिमीटरला या अंतराने पूर्ण भाग जात नाही. जवळची रेघ ५.०८ सेंटिमीटरवर येते आणि चौकोन तिलाच चिकटतो. एका ओळीत पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, पण पाचव्या ओळीपर्यंत तो तीन मिलिमीटरच्या वर जातो. तेव्हापासून मी आधी वस्तूचं माप ठरवतो, मग त्याला पूर्ण भाग जाईल असं ग्रिडचं अंतर टाकतो. या बिल्ल्यांना अर्धा सेंटिमीटर चालतं: रुंदीत १८ घरं, उंचीत १०.

हे सेटिंग 'लेआउट' टॅबमध्ये 'अलाइन'वर क्लिक केलं की यादीत सगळ्यात खाली 'ग्रिड सेटिंग्ज' या नावाने आहे. तिथे मापं इंचात दिसत असतील तर आधी 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' इथे जाऊन 'डिस्प्ले' भागात एकक सेंटिमीटर करून घ्या. इंच आणि सेंटिमीटरच्या मनातल्या मनात केलेल्या गुणाकारांनी बरीच कामं बिघडलेली मी पाहिली आहेत. आणखी एक घोळ नावांचा: 'हॉरिझॉन्टल स्पेसिंग' म्हणजे आडव्या रेघांमधलं अंतर असं वाटतं, पण ते उभ्या रेघांमधलं आडवं अंतर असतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात ती जागा. त्याच खिडकीत खाली 'व्हर्टिकल एव्हरी' आणि 'हॉरिझॉन्टल एव्हरी' असे दोन डबे आहेत. तिथे २ असेल तर वर्ड एक सोडून एक रेघ दाखवतं, पण चौकोन न दिसणाऱ्या रेघेलाही चिकटतो. मग 'माझा चौकोन दोन रेघांच्या मधेच अडकतो' ही तक्रार येते. तो अडकत नाही, तो बरोबर रेघेवरच आहे, फक्त ती रेघ तुम्हाला दिसत नाही. नवीन माणसाने दोन्हीकडे १ ठेवावं. मी स्वतः २ ठेवतो, कारण अर्ध्या सेंटिमीटरच्या रेघांनी पान मच्छरदाणीसारखं दिसायला लागतं. शिवाय दिसणारं प्रत्येक घर एक सेंटिमीटरचं झालं की मोजायला सोपं.

फोटो ग्रिडला दादच देत नसेल, तर तो बहुधा 'इन लाइन विथ टेक्स्ट' आहे. असा फोटो वर्डच्या लेखी एक मोठं अक्षर असतो. ओळीत बसणार, ग्रिडला विचारणार नाही. 'रॅप टेक्स्ट'मधून 'स्क्वेअर' किंवा 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' निवडा. आणि मोकळा झालेला फोटो वर एक एंटर मारताच खाली सरकत असेल, तर त्याच्या लेआउट ऑप्शन्समध्ये 'फिक्स पोझिशन ऑन पेज' करा.

ग्रिड सुरू कुठून होते, हेही एकदा बघा. 'यूज मार्जिन्स'वर टिक असेल तर ती समासापासून मोजली जाते. म्हणून समास आधी ठरवायचे. माझ्या बिल्ल्यांसाठी डावा-उजवा दीड आणि वरचा दोन सेंटिमीटर. चौकोन बसवून झाल्यावर समास बदलला तर ग्रिड हलते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

रेघा बंद केल्या की चिकटणंही बंद होतं, असं समजू नका. रेघा न दिसतानाही वस्तू ग्रिडला चिकटवायची वेगळी टिक आहे. चौकोन कारण नसताना उड्या मारतोय असं वाटलं की आधी तीच तपासा. एखादीच वस्तू मधे ठेवायची असेल तर टिक काढू नका, ओढताना आल्ट दाबून धरा, तेवढ्यापुरती ग्रिड बाजूला होते. केसभर सरकवायला कंट्रोल आणि बाणाची कळ. वस्तू ओढताना ती रांगेत आली की उमटणाऱ्या हिरव्या रेघा, म्हणजे अलाइनमेंट गाइड्स, अचानक गायब झाल्या असतील तर घाबरू नका: 'अलाइन'च्या यादीत त्या आणि ग्रिडच्या रेघा एकावेळी एकच चालू राहतात.

'अलाइन लेफ्ट' दाबल्यावर सगळे चौकोन पानाच्या कडेला जाऊन एकावर एक बसले, तर यादीत 'अलाइन टू पेज' निवडलेलं आहे. 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' करा.

लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांना हे सगळं 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लिबरऑफिस रायटर', 'ग्रिड' इथे सापडेल. तिथे ग्रिड दिसणं आणि ग्रिडला चिकटणं या दोन वेगळ्या टिका आहेत. एक लावून दुसरी विसरणारे पुष्कळ.

खरं सांगायचं तर एकसारखे दहा डबे हवे असतील तर टेबल किंवा 'मेलिंग्स'मधली लेबलं जास्त भरवशाची. ग्रिड कामाची ते वेगवेगळ्या मापांचे चौकोन, बाण, फोटो एका पानावर मांडायचे असतील तेव्हा.

आणि प्रिंट काढताना 'फिट' नको, 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा शंभर टक्के. नाहीतर ग्रिडवर नीट बसवलेला ९ सेंटिमीटरचा बिल्ला प्रिंटर गुपचूप लहान करून देतो. मी आता पहिला कागद निघाला की पट्टी लावूनच उरलेले अकरा सोडतो.