टेस्टसाठी एचटीटीपीचे बनावट प्रतिसाद कसे तयार करावेत

थांब्याचा क्रमांक पाठवला की पुढची बस किती मिनिटांत येईल हे सांगणारी एक सेवा आहे आणि आपला पायथॉन प्रोग्राम तिच्याकडे एचटीटीपीवरून, म्हणजे वेबवर विनंती आणि प्रतिसाद पाठवण्याच्या पद्धतीने, माहिती मागतो, असे धरू. हिंजवडीतील आमच्या टीमने अशाच एका प्रोग्रामच्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, सुरुवातीला थेट खऱ्या सेवेवर चालवल्या. सेवा मंदावली की टेस्ट फेल होत आणि कोडमध्ये नसलेला दोष शोधण्यात सकाळ जाई. शिवाय रात्री शेवटची बस गेल्यावर सेवा रिकामी यादी पाठवी, त्यामुळे दिवसा पास होणारी टेस्ट रात्री फेल होई.

यावर अनेक जण सेवेला विचारणारे आपलेच फंक्शन बदलून तेथे ठरावीक उत्तर ठेवतात. मला हा मार्ग पटत नाही, कारण पत्ता जुळवणे, हेडर (सोबत जाणारी माहितीची ओळ) लावणे, स्टेटस कोड (विनंतीचे काय झाले हे सांगणारा आकडा) तपासणे आणि जेसन (माहिती मांडण्याचे एक स्वरूप) वाचणे हा चुका होण्याचा सारा भाग त्यात चालतच नाही. आपला कोड आहे तसाच ठेवावा आणि विनंती नेटवर्कवर जाण्याच्या क्षणी ती अडवावी. विनंती पाठवण्यासाठी पायथॉनची ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी वापरत असाल तर त्यासाठी ‘रिस्पॉन्सेस’ ही लायब्ररी आहे. ‘एचटीटीपीएक्स’ या तशाच दुसऱ्या लायब्ररीत मॉक ट्रान्सपोर्टची, म्हणजे नेटवर्कऐवजी बनावट उत्तर देण्याची, सोय मुळातच आहे. ‘रिस्पॉन्सेस’मध्ये न नोंदवलेल्या पत्त्यावर विनंती गेली तर कनेक्शन एरर येते, म्हणजे चुकून खऱ्या सेवेला फोन लागण्याची भीती राहत नाही.

बनावट प्रतिसाद आठवणीतून लिहू नये. आधी ‘कर्ल’ या कमांडने खरी विनंती करून हेडरसह संपूर्ण उत्तर फाइलमध्ये साठवावे आणि टोकन (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) किंवा कोणाची खासगी माहिती असल्यास ती बदलूनच फाइल गिटमध्ये, म्हणजे टीमच्या कोडच्या साठ्यात, टाकावी. डॉक्युमेंटेशनमध्ये मिनिटे हा आकडा असतो, प्रत्यक्षात ती अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून येतात, असे फरक या फाइलमध्येच दिसतात.

मराठी मजकूर असेल तर हेडरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. समजा, थांब्याचे नाव साध्या मजकुराच्या स्वरूपात येते. यूटीएफ-8 या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते; ‘स्वारगेट’ या शब्दात काना, मात्रा आणि हलन्त धरून 8 चिन्हे आहेत, म्हणजे 24 बाइट. उत्तराचा प्रकार सांगणारा कंटेंट-टाइप हा हेडर ‘टेक्स्ट’ असून त्यात कॅरसेट, म्हणजे अक्षरे लिहिण्याची पद्धत, लिहिलेला नसेल, तर ‘रिक्वेस्ट्स’ तो मजकूर आयएसओ-8859-1 (प्रत्येक बाइटला एक चिन्ह मानणारी जुनी पद्धत) समजून वाचते आणि स्वारगेटच्या जागी 24 निरर्थक चिन्हे मिळतात. आता खरी अडचण पाहा. ‘रिस्पॉन्सेस’ला बॉडी, म्हणजे उत्तराचा मुख्य मजकूर, म्हणून देवनागरी स्ट्रिंग दिली आणि कंटेंट-टाइप सांगितला नाही, तर ती यूटीएफ-8 कॅरसेट स्वतःहून जोडते. टेस्ट पास होते, आणि प्रवाशाच्या मोबाइलवर मात्र कचरा दिसतो. म्हणून बॉडी बाइटच्या रूपात द्यावी आणि कंटेंट-टाइप खऱ्या उत्तरात होता तसाच, कॅरसेट नसेल तर त्याविना, स्पष्ट लिहावा. मग टेस्ट फेल झाली की आपल्या कोडमध्ये मजकूर वाचण्याआधी प्रतिसादाचे एन्कोडिंग यूटीएफ-8 ठरवून द्यावे. जेसनच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

यानंतर बिघाडांचे प्रतिसाद तयार करावेत. माझ्या मते बनावट प्रतिसादांचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे, कारण खऱ्या सेवेला हवे तेव्हा बिघडायला सांगता येत नाही. एकाच पत्त्यासाठी आधी 503 (सेवा सध्या उपलब्ध नाही) आणि मग 200 (सर्व ठीक) हे स्टेटस कोड नोंदवल्यास ‘रिस्पॉन्सेस’ ते त्याच क्रमाने देते, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्याचा कोड तपासता येतो. 503 किंवा 429 (फार विनंत्या झाल्या) सोबत येणाऱ्या, पुन्हा कधी विचारावे हे सांगणाऱ्या ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये सेकंदही असू शकतात आणि तारीख-वेळही, तेव्हा दोन्ही प्रकार तपासावेत. थांबण्याचे फंक्शन मात्र टेस्टपुरते बदलावे, नाहीतर हेडरमध्ये 30 सेकंद लिहिले असल्यास टेस्ट खरोखरच तेवढा वेळ बसून राहील. टाइमआउटसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्यासाठी, बॉडीच्या जागी टाइमआउटचा एक्सेप्शनच (पायथॉनची त्रुटी) द्यावा. ‘रिक्वेस्ट्स’ला स्वतःची टाइमआउट मर्यादा नसते, त्यामुळे आपल्या कोडने ती दिली आहे ना, हेही पाहावे. स्टेटस 200, पण बॉडीत जेसनऐवजी देखभालीची सूचना देणारे एचटीएमएल पान, हा प्रकारही विसरू नये.

प्रतिसाद बरोबर वाचला, एवढ्यावर थांबू नये. थांब्याचा क्रमांक विनंतीत योग्य गेला का आणि विनंत्या नेमक्या किती झाल्या, हे लायब्ररीने ठेवलेल्या नोंदीवरून तपासावे.

साठवलेली उत्तरे कालांतराने जुनी होतात. त्यासाठी एक छोटी टेस्ट वेगळी ठेवावी, जी दिवसातून एकदा खऱ्या सेवेला विचारून फक्त फील्डची नावे, त्यांचे प्रकार आणि कंटेंट-टाइप साठवलेल्या फाइलशी ताडून पाहील. ती फेल झाली म्हणून कोणाचे मर्ज, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळणे, अडवू नये, पण त्याच दिवशी नवे उत्तर साठवून घ्यावे.