मी वाचलेलं नाही, पण तुम्ही वाचा : न वाचलेलं पुस्तक आणि न ऐकलेलं गाणं दुसऱ्याला कसं सुचवायचं

रविवारी सकाळी दहा ते बारा मी आमच्या सोसायटीच्या वाचनालयात बसतो. वाचनालय म्हणजे फार काही नाही, क्लबहाऊसच्या मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटं, हजारेक पुस्तकं, एक रजिस्टर आणि फक्त तीनवर चालणारा एक पंखा. त्या हजारातली मी वाचलेली किती, तर खरं सांगायचं झालं तर दीड-दोनशे. आणि दर रविवारी सात-आठ जण तरी येऊन म्हणतात, "काहीतरी चांगलं द्या हो". त्यांना माझ्या दीडशेतलंच फिरवून फिरवून देत बसलो तर दोन महिन्यांत कपाटं बंद करून घरी बसावं लागेल. म्हणजे न वाचलेलं सुचवणं भागच आहे. आधी लाज वाटायची, आता नाही वाटत, कारण खोटं न बोलता हे जमतं, फक्त थोडी पद्धत आहे.

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पद्धत का लागते ते कळेल. सी विंगमधले एक काका, रेल्वेतून रिटायर, युद्धाची पुस्तकं म्हणजे जीव की प्राण. आमच्याकडची सगळी संपली होती. मी कपाटात बघतोय तर विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. आता नावच रणांगण, त्यात १९३९ साल, म्हणजे दुसरं महायुद्ध, अजून काय पाहिजे? दिलं ठोकून, वर "जबरदस्त आहे काका" असंही म्हणालो. चार दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले, म्हणाले, "अरे यात रण कुठंय?" मग मी ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं. युद्ध तोंडावर आलेलं असताना युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक जर्मन ज्यू मुलगी यांची ती गोष्ट. छोटंसंच पुस्तक. पाच मिनिटं चाळलं असतं तरी कळलं असतं. माझी चूक न वाचता देण्यात नव्हती, न उघडता देण्यात होती, आणि त्याहून मोठी म्हणजे ते "जबरदस्त आहे" हे जे वाक्य मी फेकलं, ते.

तर पहिली गोष्ट, पाच मिनिटं द्या. पण ती पाठराखणीवर घालवू नका. मागच्या कव्हरवर प्रत्येक पुस्तक "मराठी साहित्यातला मैलाचा दगड" असतं, इतके दगड झालेत की रस्ता दिसेना. मी सरळ मधलं कुठलं तरी पान उघडतो आणि ते एक पान पूर्ण वाचतो. पहिलं पान लेखकाने दहा वेळा घासून पुसून ठेवलेलं असतं, मधल्या पानावर पुस्तक घरच्या कपड्यांत असतं. संवाद किती, वाक्यं लांब की आखूड, बोली कुठली, टाईप बारीक आहे का (ज्येष्ठ मंडळींसाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि तो कोणीच विचारात घेत नाही). लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या, इतकं जुनं आत्मचरित्र म्हटलं की लोकांना वाटतं भाषा जड असणार, आपल्याला झेपायचं नाही. कुठलंही पान काढून समोर धरा, आजी ओट्यावर बसून गप्पा मारतेय असंच वाटतं. त्यासाठी तुम्ही ते पूर्ण वाचलेलं असायची गरज नाही, ते पानच बोलतं.

मग आवृत्तीचं पान. पहिली आवृत्ती कधीची आणि त्यानंतर किती पुनर्मुद्रणं झाली हे बघा, म्हणजे लोक अजून विकत घेतायत का ते कळतं. कवितांच्या बाबतीत हा नियम लावू नका, कवितासंग्रह चांगला असून पहिल्याच आवृत्तीवर अडकलेला असू शकतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव बघा आणि तेच मधलं पान जरा मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर मूळ पुस्तक कितीही थोर असो, देऊ नका.

आणि वाचनालयवाल्यांसाठी एक खास गोष्ट, ती शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक समीक्षा तीच. किती जणांनी नेलं हे तर दिसतंच, पण दोन खंडांचं पुस्तक असेल तर गंमत बघा. पहिल्या खंडाची चिठ्ठी तारखांनी भरलेली आणि दुसऱ्याची जवळजवळ कोरी असेल तर काय समजायचं ते समजा. आणि दोन्हीवर साधारण सारख्या तारखा असतील, दुसऱ्याची तारीख पहिल्याच्या आठवड्याभरात असेल, तर बिनधास्त द्या.

आता माणूस. लोकांना वाटतं शिफारस करायला पुस्तक माहीत लागतं. मला उलटं वाटतं, पुस्तक थोडं कमी माहीत असलं तरी चालतं, समोरचा माहीत लागतो. "तुम्हाला काय आवडतं?" असं मात्र विचारू नका, कारण त्यावर नव्वद टक्के लोक 'मृत्युंजय' म्हणतात, शाळेत असताना वाचलेलं असतं आणि त्यानंतर काही आठवत नसतं. मी विचारतो, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलं आणि का? यावर लोक भरभरून बोलतात. "सगळे मरतच होते हो त्यात", "नावं लक्षात राहीनात", "दहा पानं नुसता पाऊसच पडत होता". हे तीन वेगवेगळे वाचक आहेत आणि तिघांना काय द्यायचं नाही हे तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळलेलं असतं. पुढचा प्रश्न, कधी वाचणार? लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला आठशे पानांचं हार्डबाऊंड देणं म्हणजे त्याच्या मनगटावर अत्याचार. आजारपणात पडल्या पडल्या वाचणाऱ्यालाही तसंच.

कधी कधी तर पुस्तकात काय नाही एवढं माहीत असलं तरी काम होतं. २०२४ मध्ये 'तुंबाड' सिनेमा परत थिएटरला लागला तेव्हा ए विंगमधला कॉलेजचा एक मुलगा धावत आला, म्हणाला दादा ते ओरिजिनल तुंबाडचं पुस्तक आहे ना तुमच्याकडे. आहे की, श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत', १९८७ सालचं, दोन जाडजूड खंड. मी ते वाचलेलं नाही, आजही नाही. पण मला एवढं पक्कं माहीत होतं की ती कोकणातल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची कादंबरी आहे, तिच्यात सिनेमातला तो हस्तर नाही की सोन्याची नाणी नाहीत, सिनेमाने तिथून फक्त नाव उचललंय. गोष्टीमागची प्रेरणा भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची. म्हणून त्याला धारपांच्या कपाटाकडे वळवलं (तेही मी दोन-तीनच वाचलेत, रात्री एकटा असताना मला जमत नाही). पेंडसे दिले असते तर पोरगं पन्नास पानांत पळालं असतं आणि पेंडशांबद्दल कायमचं वाईट मत करून बसलं असतं. तेच त्याच्या आजोबांना, ते मूळचे खेडचे, जगबुडी नदीच्या काठचे, म्हणजे कादंबरी घडते त्याच भागातले, त्यांना मी दोन्ही खंड एकदम दिले. पुस्तक तेच, न वाचणारा मीही तोच.

पुढचा मुद्दा, तुमच्यासाठी कोण वाचतंय? प्रत्येकाच्या आसपास असे दोन-तीन लोक असतात ज्यांच्या आवडीचा आपल्याला अंदाज असतो. त्यांची मतं साठवा, पण मताबरोबर माणूसही साठवा. "पुस्तक छान आहे" याला काही किंमत नाही. "माझी मावशी, जी कुठलंच पुस्तक पन्नास पानांपुढे नेत नाही, तिने हे एका रात्रीत संपवलं" याला आहे. आमच्याकडे एक काकू आहेत, त्यांना जे बोअर होतं ते मी डोळे झाकून घरी नेतो, आजवर एकदाही फसलो नाही. त्या बिचाऱ्यांना हे माहीत नाही. ऑनलाइन रिव्ह्यू वाचत असाल तर पाच स्टारवाले सोडा, दोन-तीन स्टारवाले वाचा, कारण वैतागलेला माणूस नेमकं बोलतो. "काहीच घडत नाही, नुसती गावाची वर्णनं" असं कोणी चिडून लिहिलं असेल तर मला लगेच चार नावं आठवतात ज्यांना हेच हवं असतं.

आता बोलायचं कसं. "वाचलंय का तुम्ही?" हा प्रश्न येणारच, तो यायच्या आत आपणच सांगून टाकायचं. माझं वाक्य साधारण असं असतं: "मी पूर्ण वाचलेलं नाही, वीसेक पानं चाळली, भाषा सोपी आहे, बी विंगमधल्या ताईंना खूप आवडलं, त्यांना तुमच्यासारखंच प्रवासाचं आवडतं. जमलं नाही तर पुढच्या रविवारी बदलून देतो." एवढ्यात सगळं आलं, माझं किती, दुसऱ्याचं किती, आणि परतीची वाट. ही परतीची वाट फार महत्त्वाची, नाहीतर लोक आपल्याला वाईट वाटू नये म्हणून महिना महिना पुस्तक उशाला ठेवून बसतात. "आयुष्य बदलेल", "वाचलंच पाहिजे" हे शब्द न वाचलेल्या पुस्तकाबद्दल तर अजिबातच नको. आणि न वाचलेल्या पुस्तकातला प्रसंग वाचल्यासारखा सांगू नका, समोरच्याने नेमका तोच प्रसंग वाचलेला असतो, हा माझा अनुभव नाही तर नियम आहे.

गाण्याकडे येऊ. गाण्यात खरं तर सबब कमी, कारण पुस्तकाला चार दिवस लागतात, गाणं चार मिनिटांत ऐकून होतं, तेव्हा सिनेमाचं किंवा कुठल्या बँडचं गाणं असेल तर ऐका आणि मग पाठवा, उगाच लिंक फॉरवर्ड करू नका. गोची होते ती शास्त्रीय संगीताची, एकेक रेकॉर्डिंग तासाभराचं. मला त्यातलं फार कळत नाही पण लोक मलाच विचारतात (पुस्तकं देतो म्हणजे याला सगळं कळत असणार). तर नाव बघूनही बरंच कळतं. रागाचं नाव बघा आणि त्याची वेळ बघा. मॉर्निंग वॉकला लावायला कोणी मागितलं तर मारवा देऊ नका, तो सूर्यास्ताचा, षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकायचं टाळत जाणारा, सकाळी सकाळी माणूस उगाच अस्वस्थ व्हायचा. भैरव, तोडी द्या. रात्री जेवणानंतर मालकंस, दरबारी. वेळेचा नियम पाळलाच पाहिजे असं नाही, पण न ऐकता सुचवायचं असेल तर घड्याळ हा चांगला मदतनीस आहे.

दुसरं म्हणजे लांबी बघा. एक तास चार मिनिटं लिहिलं असेल तर त्यात पाऊण तास विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, असणार, नवख्याला ते झेपत नाही. त्याला मी सांगतो शेवटची दहा-बारा मिनिटं आधी ऐक, द्रुत म्हणजे जलद लय, आवडलं तर मग मागे जा. जाणकार यावर मला शिव्या घालतात, घालू देत, त्यांच्यातले अर्धे नाट्यगीतांवरूनच इथवर आलेत. अजून सोपं म्हणजे जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे मोठमोठ्या गायकांनी अख्खा राग तेवढ्यात बसवलाय. केसरबाई केरकरांचं भैरवीतलं 'जात कहाँ हो' तसंच, साडेतीन मिनिटांचं. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली तिच्यावर हे गाणं आहे. एका अमेरिकन संगीत अभ्यासकाने ते सुचवलं होतं. त्याने गाणं ऐकलेलं होतं, पण ऐकणारा कोण, त्याला कान आहेत की नाहीत, हेच माहीत नव्हतं. आपल्याला निदान समोरच्याचा फ्लॅट नंबर तरी माहीत असतो.

मोठ्या संचाचंही असंच, 'गीतरामायण' सुचवायला छप्पनच्या छप्पन गाणी ऐकलेली असायला नको. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा आठवड्याला एक गाणं लागायचं, वर्षभर. वेळ नाही म्हणणाऱ्याला मी तोच वेग सुचवतो, आठवड्याला एक.

भाचीला के-पॉपचा अल्बम द्यायचा वगैरे असेल तर डोकं लावू नका, तिच्या मैत्रिणीला विचारा. आणि मोबाईलमधलं अॅप रोज आपल्याला गाणी सुचवतं ते बऱ्याच अंशी "ज्यांनी हे ऐकलं त्यांनी अजून काय ऐकलं" यावरच चालतं, म्हणजे माझं रजिस्टर फक्त मोठं. पण अॅपला आपण काल भांडून झोपलोय हे कळत नाही.

काही ठिकाणी मात्र न वाचता सुचवूच नका. ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्याला, कितीही शांत दिसणारं पुस्तक असलं तरी, आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. आजार, पथ्य, औषधं यावरची पुस्तकं तर सुचवूच नका, डॉक्टरांकडे पाठवा. लहान मुलांचं पुस्तक असेल तर तिथेच उभ्या उभ्या वाचून काढा, पंचवीस-तीस पानं असतात, तिथे कसली सबब.

शेवटी एक वही ठेवा. कोणाला काय दिलं, मी ते वाचलं होतं का, परत देताना काय म्हणाले. माझ्या वहीत 'रणांगण'पुढे "काका, नापास" असं लिहिलं होतं. दोन महिन्यांनी काका आले आणि म्हणाले त्या बोटीवाल्याचं अजून काही आहे का, ती मुलगी डोक्यातून जात नाहीये. मी 'नापास' खोडलं. बेडेकरांचं आत्मचरित्र होतं, 'एक झाड आणि दोन पक्षी', ते काढून दिलं, आणि या वेळी आधीच सांगितलं की मी वाचलेलं नाही. "माहितीये," काका म्हणाले, "मागचंही वाचलं नव्हतंस."