सर्दी-खोकल्याची औषधं घेताना या चुका टाळा

केमिस्टच्या काउंटरवर पावसाळाभर एकच मागणी ऐकू येते: "सर्दीची जरा स्ट्राँग गोळी द्या." स्ट्राँग असं काही नसतं. बहुतेक गोळ्यांत तेच तिघं बसलेले असतात. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, गळत्या नाकासाठी क्लोरफेनिरामाइन आणि चोंदलेल्या नाकासाठी फेनिलएफ्रिन. कधी जोडीला कॅफिन. नाव आणि रंग बदलतो, आतला माल जवळपास तोच.

एकच औषध दोन नावांनी घेणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत महाग पडते. सकाळी सर्दीची गोळी घेतली. दुपारी अंग तापलं, म्हणून डब्यातली डोलो ६५० घेतली. घेणाऱ्याच्या हिशेबी एक सर्दीची, एक तापाची. प्रत्यक्षात दोन्हींत पॅरासिटामॉल. आता दिवसाची बेरीज करा. सर्दीच्या ५०० मिग्रॅवाल्या चार गोळ्यांचे २००० आणि ६५० च्या चारांचे २६००, एकूण ४६०० मिग्रॅ. धडधाकट मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. रोज पिणारा, यकृताचा आजार असलेला किंवा ५० किलोपेक्षा कमी वजनाचा माणूस असेल तर ती आणखी खाली येते. दोन-तीन दिवस असंच चाललं, वर जेवण नाही, की यकृताची गाडी घसरू शकते.

कारण असं. पॅरासिटामॉलच्या थोड्या भागाचं यकृतात विषारी द्रव्य बनतं आणि शरीरातलंच ग्लुटाथायोन नावाचं रक्षक द्रव्य ते निकामी करतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला, की यकृताच्या पेशी मरायला लागतात. फसवं हे, की पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तीही नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण एकदम जास्त गोळ्या गेल्या असतील तर तो पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सगळ्यांत कामाचा. म्हणून जास्त गेल्याचं लक्षात आलं की "बरं वाटतंय की" म्हणत घरी थांबू नका. रिकाम्या पट्ट्या घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.

यावरची सवय साधी आहे. चार गोळ्या कात्रीने कापून आणायच्या नाहीत. कापताना नाव एकीकडे जातं, मुदत दुसरीकडे, आणि हातात उरते कोरी चंदेरी पट्टी. अख्खी पट्टी घ्या, नाहीतर कापण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा. घरातल्या ज्या ज्या पट्टीत पॅरासिटामॉल आहे तिच्यावर मार्करने ठळक 'पॅरा' लिहा. कोणती गोळी किती वाजता घेतली, ते फ्रिजवरच्या कागदावर टिपा. तापात डोकं चालत नाही, कागद चालतो.

त्याहून बरं म्हणजे एका लक्षणाला एकच औषध. ताप आहे? नुसती पॅरासिटामॉल. नाक गळतंय? रात्री सेटिरिझिन. चोंदलंय? मिठाच्या पाण्याचे थेंब. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलएफ्रिनचा नाक मोकळं करायला उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीनेच सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तरी आपल्याला तीन-चार औषधांची मिसळ असलेलीच गोळी हवी असते. एका दिवसात बरं व्हायची घाई, दुसरं काय!

लहान मुलांना सर्दी-तापाचं औषध 'सहज' देणं

क्लोरफेनिरामाइन-फेनिलएफ्रिनची मिश्रणं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, हे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. तरी ती सर्रास दिली जात राहिली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या सिरपच्या तपासणीत ४८.६ टक्के डायथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. भेसळ आई-बापांना डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे खरं. पण साध्या सर्दीला त्या वयात सिरपची गरजच नसते, हेही तितकंच खरं. त्यानंतर केंद्राने पुन्हा सांगितलं: २ वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोत, ५ वर्षांखालीही सहसा नकोत. वर्षावरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध द्या. वर्षाच्या आत मधही नाही.

तापाच्या औषधात वेगळाच घोळ होतो. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. सिरप १२० चं, १२५ चं किंवा २५० चं, आणि तो आकडा ५ मिलीचा असतो. १० किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिग्रॅ पुरतं, म्हणजे थेंबांचं औषध दीड मिली. तेच सिरप समजून ५ मिली पाजलं तर ५०० मिग्रॅ पोटात गेलं. ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीला ठेवा, आणि चहाचा चमचा चहालाच राहू द्या.

बाकीच्या, थोडक्यात

- नाक मोकळं करणारा स्प्रे ५ दिवसांपुढे नको. मग स्प्रेमुळेच नाक चोंदतं.
- क्लोरफेनिरामाइन घेऊन गाडी चालवू नका. वर दारू तर अजिबात नको.
- बीपी, काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर ही मिश्रणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. लघवी अडकून रात्री धावाधाव होते.
- डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं कफ सिरप घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.
- कफ सुटतोय आणि वर खोकला दाबणारं सिरप? कफ आतच राहतो.
- मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक सर्दीला घेऊ नका. विषाणूवर ते चालत नाही.

कोरडा खोकला महिनोन् महिने हटत नसेल तर आधी बीपीची गोळी बघा. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी तसा खोकला येतो आणि कुठल्याच सिरपने जात नाही. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. आणि कुठलाही खोकला दोन आठवड्यांवर गेला, की पुढची बाटली न आणता सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. तिथे ती फुकट होते.